इतिहास चलनात आणा

माळव्यातील आपल्या जुन्या मराठी घरांना महेश्वर नवे नाही. घाटावर स्नान करायचे, वाड्यातील देवी अहिल्याबाईंच्या गादीला नमस्कार करायचा, एखादी साडी घ्यायची आणि संध्याकाळच्या आत इंदूरला परतायचे, हा आपला ठरलेला क्रम.

३१ मे २०२५ रोजी अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षे झाली. त्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाची बैठक महेश्वरला भरली. मे महिन्यात भोपाळला मोठा मेळावा झाला, टपाल तिकीट निघाले, ३०० रुपयांचे नाणे निघाले. आनंद आहे. पण आम्ही बँकवाले जाणतो की असे नाणे चलनात फिरत नाही, कपाटात बसते. आपल्या इतिहासाचेही तेच होत आहे.

तो चलनात आणायची जागा महेश्वरचा वाडाच आहे. तेथील लहानशा संग्रहालयातील गादी, पालखी, शस्त्रे पाहायला दहा मिनिटे पुरतात. त्यामागचा कारभार समजायला मात्र सांगणारा माणूस लागतो. १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी येथून राज्य चालवले. या दरबारच्या मराठी बातमीपत्रांचे पुढे पुस्तकही झाले. त्यातील दोन पत्रे वाचून त्यांचा अर्थ सांगितला, तर तासाभराचे उत्तम व्याख्यान होते. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी अहिल्याबाईंच्या सांगण्यावरून तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, अशी कथा आपल्याकडे सांगतात. त्याच वाड्याच्या चौकात वर्षातून चार कीर्तने का होऊ नयेत?

कोणी म्हणेल, पर्यटकांना मराठी कळणार नाही. मग पत्र मराठीत वाचावे आणि निरूपण हिंदीत करावे. निमाडी माणसालाही बोलवावे, विणकरांनाही बोलते करावे. अहिल्याबाई सगळ्यांच्याच होत्या. आपला आग्रह एवढाच, की त्यांचा दरबार ज्या भाषेत लिहीत होता ती भाषा त्या चौकात निदान ऐकू यावी.

दर वर्षी निमाड उत्सव होतो. त्यातील एक संध्याकाळ या कामासाठी मागता येईल. निवडणूक आली की सर्व पक्षांचे उमेदवार आपल्या मंडळाच्या दारी येतात आणि आपण त्यांच्याकडे चौक नाहीतर पुतळा मागतो. या वेळी व्याख्यानमाला मागा. खर्च पुतळ्याच्या पायथ्याइतकाही येणार नाही.

मात्र मागणाऱ्याने आपला हिस्साही भरावा. अनेक घरांच्या ट्रंकांत मोडी कागद पडून आहेत. त्यांची झेरॉक्स तरी संग्रहालयाला द्यावी. आणि व्याख्यान ठरले, की नातवंडांना घेऊन पुढच्या रांगेत बसावे. रिकाम्या खुर्च्या दाखवून अनुदान मिळत नाही.