शेत व गोठा यांची फारकत

सुगी आटोपली म्हणजे आमच्या बाजारपेठांत सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि उलाढाल पाहून वर्ष बरें गेलें असें व्यापारी मंडळी म्हणते. परंतु त्याच शेतांतून काय नाहींसें झालें, याचा जमाखर्च कोणत्याहि वहींत सांपडत नाहीं.

मराठवाड्यांत व विदर्भांत गेल्या कांहीं दशकांत सोयाबीन पसरलें व ज्वारी मागें हटली. ज्वारी कणसानें माणसाचें पोट भरी व कडब्यानें जनावराचें. कडबा गेला तेव्हां बैल पोसणें जड झालें. भाड्याचा ट्रॅक्टर बांधावर आला आणि गोठा ओस पडला. २०१९ सालच्या पशुगणनेंत देशांतील गोवंशाचे नर २०१२ च्या मानानें सुमारें ३० टक्क्यांनी घटलेले आढळले. गोठा ओस पडला कीं उकिरडाहि रिता होतो, आणि शेणखतावांचून जमीन पाणी धरून ठेवीनाशी होते. युरिया नत्र देतो. ही उणीव त्यानें भरून निघत नाहीं.

हा प्रश्न आजचा नव्हे. जंगलखात्यानें कुरणें अडविल्यानें शेतकऱ्याच्या गुरांचे हाल कसे झाले, हें जोतीराव फुले यांनी १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’मध्यें मांडलें. शेतकरी शेण जाळतो तें अडाणीपणानें नव्हे, सरपणाच्या टंचाईमुळें, असें डॉ. व्होएल्कर यांनी १८९३ च्या अहवालांत दाखविलें. पुढें अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण व गोमूत्र मुरलेली माती एकत्र कुजविण्याची रीत इंदूर येथें बसविली व १९३१ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. जगानें ती उचलली; आमच्या बांधावर मात्र काडीकचरा अद्यापि पेटविला जातो.

कोणी म्हणेल, ट्रॅक्टर टाकून बैल बांधा हा उपदेश शहरांत बसून करणें सोपें आहे. आम्ही तो करीतच नाहीं. थोड्या दिवसांच्या कामासाठीं वर्षभर जोडी पोसणें लहान शेतकऱ्यास परवडत नाहीं, हें उघड आहे. परंतु एखादी दुभती म्हैस, चार शेळ्या, बांधावर गवत व वाव्हरभर ज्वारी एवढें पुष्कळांस साधेल. गोबरगॅसच्या योगानें शेणापासून चुलीस जाळ मिळतो व राहिलेला राळा खत म्हणून शेतास जातो. ज्यास जनावर पाळणें अशक्य, त्यानें धनगराच्या मेंढ्या रानांत बसवाव्या. हा जुना व्यवहार दोघांच्याहि हिताचा आहे. मात्र चराईचीं रानें आक्रसत चाललीं तर तोहि टिकणार नाहीं.

आतां व्यापारीवर्गास दोन शब्द. तेल बाजारांत विकावें, पण पेंड शक्य तितकी आपल्याच मुलखांतील गोठ्यांस मिळावी. कारण पेंडींतील कस शेणावाटे जमिनींत परततो, परदेशीं गेलेला परतत नाहीं. बी-बियाणें व खतें उधार देणाऱ्यांनी तशीच सवलत चाऱ्यास व म्हशीस द्यावी. बाजारसमित्यांनी भाजीपाल्याचा रोजचा कचरा कुजवून शेतकऱ्याच्या परतीच्या गाडींत घालावा. यांत उपकार कांहीं नाहीं. जमिनीचा कस हें पेढीचेंहि भांडवल आहे, आणि आज आपण व्याजाबरोबर मुद्दलहि खात आहों.