धावते तेच टिकते

हिशेबाच्या वहीत मोटारीचे आयुष्य फार मोठे नसते. ती खरेदी झाल्यापासूनच तिच्यावर घसारा आकारला जाऊ लागतो. प्राप्तिकराच्या नियमांतील सर्वसाधारण मोटारीसाठीचा १५ टक्के दर घटत्या शिल्लकीच्या पद्धतीने लावत गेल्यास, एक लाख रुपयांच्या मोटारीचे पुस्तकी मूल्य पन्नास वर्षांअखेर जेमतेम तीस रुपये उरते. लेखाशास्त्राच्या दृष्टीने ती वस्तू तेव्हा संपलेली असते. मात्र हिवाळ्यातील एखाद्या रविवारी सकाळी अशीच एखादी 'तीस रुपयांची' मोटार भोंगा वाजवत रस्त्यावर अवतरते, आणि तिला पाहण्यासाठी पदपथावर आजोबा, नातवंडे व पोलीस शिपाई सारखेच उत्सुक होऊन उभे राहतात. वहीने शून्यवत ठरविलेल्या वस्तूला समाज एवढे मोल का देतो, याचा विचार व्हायला हवा.

आपल्या देशात जुन्या मोटारींच्या संचलनाची परंपरा नवी नाही. 'द स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकाची रॅली दिल्लीत १९६४ मध्ये आणि कोलकात्यात १९६८ मध्ये सुरू झाली. पुढे मुंबई, बंगळूर व अन्य शहरांतील मोटारप्रेमींच्या क्लबांनीही आपापल्या सहली आणि रॅली भरविल्या. मालक कुटुंबीयांसह येतात, परीक्षक मोटारीचा अस्सलपणा तपासतात, मिरवणूक निघते आणि सायंकाळी पारितोषिके दिली जातात.

या सोहळ्याविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आधीच वाहनांनी गजबजलेल्या रस्त्यांवर, महागडे इंधन जाळून, धूर सोडत चाललेले हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत काय? हा आक्षेप सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. पंचतारांकित हॉटेलच्या हिरवळीवर, निमंत्रितांपुरत्या मांडलेल्या चकचकीत मोटारींचा देखावा पाहून सामान्य माणसाला तसे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु रॅलीचे मूळ प्रयोजन वेगळे आहे.

त्यासाठी इंग्लंडमधील लंडन ते ब्रायटन या प्रवासाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. एकोणिसाव्या शतकात तेथे यांत्रिक वाहनापुढे माणसाने पायी चालावे, असा कायद्याचा दंडक होता. नोव्हेंबर १८९६ मध्ये नव्या कायद्याने तो रद्द झाला आणि वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढली. त्या आनंदात मोटारी लंडनहून ब्रायटनला निघाल्या. त्याच्या स्मरणार्थ १९२७ पासून, युद्धकाळासारखे अपवाद वगळता, हा प्रवास दरवर्षी घडत आला आहे. १९०५ पूर्वी बनलेल्या मोटारींनाच त्यात प्रवेश असतो आणि अंतर सुमारे ६० मैलांचे असते. ही शर्यत नव्हे. ठरलेल्या वेळेत जो ब्रायटनला पोहोचतो, त्याला पदक मिळते. तेथे परीक्षा मोटारीच्या दिमाखाची नसते. ती अजून चालते की नाही, याची असते.

यामागे निव्वळ भावना नाही, यंत्रशास्त्रही आहे. चित्र किंवा नाणे कपाटात सुरक्षित राहते. मोटार उभी राहिली की बिघडू लागते. टाकीतील पेट्रोल चिकट होऊन कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजतात, रबरी सील व नळ्या कोरड्या पडून तडकतात, ब्रेकचे सिलिंडर गंजून अडकतात आणि एकाच जागी भार पडून टायरचा आकार बिघडतो. त्यात पेट्रोलमधील इथेनॉलचे वाढते प्रमाण जुन्या मोटारींना मानवत नाही; ते पाणी शोषते आणि त्या काळच्या रबराला अपाय करते. म्हणूनच जुन्या मोटारीची अधूनमधून होणारी सहल हा तिच्या जतनाचाच भाग ठरतो. संग्रहालयातील काचेआडची मोटार हे मोटारीचे रूप असते. तिचा आवाज, कंप आणि तापलेल्या तेलाचा गंध रस्त्यावरच अनुभवता येतो.

मोटार चालती ठेवायची, तर ती चालती ठेवणारे हात लागतात, आणि खरी चिंता येथेच आहे. ज्या कंपन्या कधीच बंद पडल्या, त्यांचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. जुना बुश मापून लेथवर नवा कातणारा कारागीर, पत्रा ठोकून मडगार्डचा मूळ बाक परत आणणारा मिस्त्री, इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारा फिटर, यांच्या जोरावर रॅलीची रांग पुढे सरकते. यांपैकी अनेकांची विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती वडिलांकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे आली. संगणकाने दोष दाखविणाऱ्या आजच्या मोटारींच्या युगात नवा शागिर्द त्या कामाकडे का वळावा? मालकाकडे पैसा असला तरी हे हात नाहीसे झाल्यावर ते विकत मिळणार नाहीत.

वारसा हा केवळ धनिकांचा नसतो, याचे उत्तम उदाहरण नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. जॉन मॉरिस कंपनीचा १९१४ सालचा अग्निशामक बंब एकेकाळी निजामाच्या राज्य रेल्वेच्या सेवेत होता. हा बंब दिल्लीच्या रॅलीत उतरत आला आहे. तो कोणा संस्थानिकाची हौस म्हणून बनला नव्हता, आग विझविण्यासाठी बनला होता. आणि आज तो सर्व जनतेच्या मालकीचा आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेली दुरुस्ती या दृष्टीने महत्त्वाची आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या, रोजच्या वा व्यापारी वापरात नसलेल्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र मान्यता मिळाली. इंग्लंडच्या परंपरेत 'व्हिंटेज' म्हणजे १९१९ ते १९३० या काळातील मोटार; आपल्या नियमात मात्र काळ दरवर्षी पुढे सरकतो. परिणामी राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉईसबरोबर उत्तरपाड्याच्या कारखान्यातील जुनी ॲम्बॅसॅडर आणि कुर्ल्याला तयार झालेली एखाद्या डॉक्टरांची फियाटही आता वारशाच्या पंक्तीत बसू शकते. मात्र नव्या नोंदणीसाठी २०,००० आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये हे शुल्क दोघांनाही एकच आहे. रोल्स-रॉईसच्या मालकाला ते जाणवणार नाही. निवृत्त शिक्षकाने जपलेल्या फियाटला ते जड वाटेल. शुल्काची श्रेणी वाहनाच्या मूल्यानुसार ठरविणे अधिक न्याय्य ठरेल.

जुनी मोटार ही गुंतवणूक मानणाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचा २०२५ मधील एक निर्णय अवश्य लक्षात घ्यावा. १९३१ सालची एक फोर्ड मोटार १९८३ मध्ये २०,००० रुपयांना घेऊन पुढे २१ लाखांना विकली गेली. ती वैयक्तिक वापराची वस्तू असल्याने नफ्यावर कर लागू नये, असा मालकाचा दावा होता. मोटार वैयक्तिक वापरास योग्य असणे पुरेसे नाही, ती प्रत्यक्ष तशी वापरल्याचा पुरावा हवा, असे सांगून न्यायालयाने तो अमान्य केला. करापुरता असलेला हा निकष एका व्यापक सत्याकडेही बोट दाखवितो. वस्तू आपली आहे, हे तिच्या मालकीवरून नव्हे, तर वापरावरून ठरते.

तेव्हा रॅलीच्या आयोजकांनी काही गोष्टी मनावर घ्याव्यात. मोटारीपुढील फलकावर मालकाच्या नावाखाली ती दुरुस्त करणाऱ्या कारागिराचेही नाव असावे आणि उत्कृष्ट मिस्त्रीसाठी एक पारितोषिक राखून ठेवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांना बोनेट उघडून आतील रचना पाहू द्यावी. मार्ग गर्दीची वेळ टाळून आखावा. पण तो लोकांच्या वस्तीतून जावा, बंद फाटकांआड संपू नये.

घसाऱ्याचे कोष्टक चुकीचे नाही. झीज मोजणे हेच त्याचे काम आहे. मात्र ती झीज वर्षानुवर्षे भरून काढणाऱ्या माणसाच्या श्रमासाठी त्यात स्तंभ नाही. रस्त्यावरून एखादी जुनी मोटार धडधडत जाताना दिसेल, तेव्हा चालकाच्या आसनाकडे कौतुकाने जरूर पाहावे. पण तिच्यामागून हातात पान्हा घेऊन, काळजीने कान देत येणारा मिस्त्री दिसला, तर पहिला नमस्कार त्याला करावा.