पंख्याची बचत आणि जमिनीचा खंड

पुण्याच्या पेठांतून सध्या एका नव्या सद्गुणाची विक्री चालू आहे. जुना वाडा पाडावयाचा, त्या जागी बहुमजली इमारत उभारावयाची, तीत चारशे-साडेचारशे चौरस फुटांच्या सदनिका काढावयाच्या आणि 'आटोपशीर', 'ऊर्जाबचत करणारी', 'पर्यावरणस्नेही' अशी विशेषणे लावून त्या विकावयाच्या. खरेदीदारास घराबरोबर निर्मळ मनाचे समाधानही मिळते. आपल्यातील काही सहकाऱ्यांना या मालाची भुरळ पडली आहे. तर दुसरे काही जण 'हे मध्यमवर्गाचे चोचले' म्हणून विषयच सोडून देतात. या दोन्ही भूमिका मला चुकीच्या वाटतात.

जे खरे आहे ते प्रथम मान्य केले पाहिजे. लहान घराला वीज कमी लागते. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली इको निवास संहिता काढून भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा सुचविली, ती शास्त्रशुद्ध आहे. पश्चिमेच्या खिडकीवर सावली धरली, वारा आरपार खेळू दिला, तर पुण्याचा उन्हाळा वातानुकूलन यंत्रावाचून बहुतांशी निभावतो. शाळा आणि मंडई पायी गाठता येतात, हाही लाभ लहान नव्हे. असे घर घेणाऱ्या शिक्षिकेला किंवा बँकेतील कारकुनाला कोणी बोल लावू नये.

परंतु पेठेत हे नवीन आहे काय? वाड्याच्या दोन खोल्यांत संसार करणारा भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या आटोपशीर घरातच राहत आला. जाड भिंती, मध्ये चौक, एक-दोन दिवे आणि एक पंखा. त्याला कोणी मानांकनाचे तारे बहाल केले नाहीत! वाड्यांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. गळकी कौले, सामाईक संडास आणि पावसाळ्यात खचणाऱ्या भिंती ज्यांनी भोगल्या, ते असले गोडवे ऐकून घेणार नाहीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. भाडेकरूला छत्र मिळाले, दुरुस्तीला पैसा मात्र उरला नाही. तेव्हा अनेक वाडे पाडावेच लागतील. प्रश्न एवढाच, की पाडल्यानंतर कोण कोठे जातो?

नव्या इमारतीत भाडेकरूला जागा मिळावी अशी तरतूद १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यातही आहे. पण वर्षानुवर्षे दावा लढविण्याची ऐपत नसलेला माणूस हाती पडेल ती रक्कम घेऊन धायरी, नऱ्हे गाठतो. त्याची रोजी मात्र लक्ष्मी रस्त्यावरच्या कापडदुकानात किंवा अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानातच राहते.

आता ढोबळ हिशेब मांडू. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा ३० वॅटचा. रोज दहा तास चालणारे दोन पंखे बदलले, तर वर्षाला सुमारे ३३० युनिट वाचतात. औष्णिक केंद्रातील कोळशाची उष्णता त्याच्या तिप्पट धरली, तरी ही बचत हजार युनिटांच्या आसपास येते. उलट, पेठेतून हुसकलेला एक नोकर जाऊन-येऊन वीस किलोमीटर स्कूटर चालवितो. लिटरला पन्नास किलोमीटर आणि वर्षाला तीनशे दिवस धरले, तर १२० लिटर पेट्रोल जळते. त्याची उष्णताही हजार युनिटांवरच जाते. एका स्कूटरने दोन पंख्यांची कमाई खाऊन टाकली! घरटी दोन कमावते असतील तर बोलावयासच नको. शिवाय वाडा पाडून ओतलेल्या सिमेंटच्या भट्टीचा कोळसा यात धरलेलाच नाही. सदनिकेच्या वीजबिलात हे काही दिसत नाही, कारण हिशेब सदनिकेचा ठेवला आहे, शहराचा नाही.

किमतीचेही तसेच. सिमेंट, लोखंड व पंखा सदाशिव पेठेत आणि धायरीत जवळजवळ एकाच भावाने येतात. सदनिकांच्या भावातील अंतर जमिनीचे आहे. २०१९ साली केंद्राने 'परवडणाऱ्या' घरांवरील वस्तू व सेवा कर एक टक्क्यावर आणला, तेव्हा पुण्यासारख्या शहराला ९० चौरस मीटर व ४५ लाख रुपये अशा अटी घातल्या. चारशे फुटांचे घर पहिल्या अटीच्या निम्म्यातही भरत नाही; पेठेत ते सहसा दुसरीवर ठेचकाळते. रिकार्डोने १८१७ साली खंडाची जी मीमांसा केली, तिचा याहून चोख दाखला वर्गात देता आला नसता. ही किंमत निर्माण केली कोणी? १८८६ सालच्या मंडईने, सार्वजनिक नळाने, शाळांनी, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा व मंडई येथे उघडलेल्या भुयारी मेट्रो स्थानकांनी. म्हणजे समाजाने. पदरात पडते ती मालक-बिल्डर यांच्या. त्यावर कडी म्हणजे, २०२० च्या राज्यव्यापी बांधकाम नियमावलीने हरित मानांकन मिळविणाऱ्या इमारतीस मूळ चटईक्षेत्रावर तीन ते सात टक्के जादा क्षेत्र देऊ केले. वाड्यातील भाडेकरू पेठेतच राहिला की नाही, याची विचारपूस हे मानांकन करीत नाही.

आपली मागणी येथूनच सुरू झाली पाहिजे. वाड्यातील सर्व भाडेकरूंचे करार त्याच इमारतीत नोंदले गेल्यावाचून हरित सवलतीचे एक फूटही मिळता कामा नये. मेट्रोमुळे वाढलेल्या जमीनमूल्याचा वाटा महापालिकेने वसूल करून पेठेतच भाड्याच्या खोल्या बांधाव्यात. नवा खरेदीदार आणि जुना भाडेकरू यांची यात आपसांत लढाई नाही. दोघेही एकाच खंडाचे देणेकरी आहेत. हे कारकुनाला पटवून देणे अवघड नाही, मात्र त्याच्या दारी गेले पाहिजे. आणि त्याआधी, नकाशा मंजूर होण्यापूर्वीच, पेठेतील कार्यकर्त्यांनी वाड्यावाड्यांतून भाडेकरूंची यादी करावी: भाडेपावती, वीजबिल, शिधापत्रिका यांच्या प्रतींसह.