परदेशातल्या सहलीत आठवी-नववीतले मूल मोबाइलमध्येच का असते?

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत परदेशी निघणाऱ्या कुटुंबांत आता छत्रपती संभाजीनगरचीही बरीच असतात. दुबई, सिंगापूर, जमले तर लंडन-पॅरिस. रात्रीच मुंबई गाठायची आणि तिथून विमान पकडायचे. चौघांचा खर्च काही लाखांत जातो. आणि तिसऱ्या दिवशी आयफेल टॉवरसमोर तेरा-चौदा वर्षांचे आपले चिरंजीव किंवा कन्यारत्न मान खाली घालून रील बघत असते. आईला वाईट वाटते, वडिलांना खर्च आठवतो आणि भर चौकात मराठीतून खडाजंगी सुरू होते.

यात मुलाचा दोष फारसा नाही. हॉटेल, वेळा, ठिकाणे, जेवण, सगळे मोठ्यांनी आधीच ठरवलेले असते. लहान भावंड कडेवर किंवा बोट धरून रमते. मोठे एकमेकांत बोलतात. मधल्याला काम एकच, मागे मागे चालणे.

हीच सहल एवढी मोलाची का?

आपल्याकडचे वेळापत्रक आठवून बघा. नववीच्या शेवटी दहावीचे क्लास सुरू होतात. मग अकरावी-बारावी, नीट किंवा जेईई, आणि त्यानंतर पुणे नाहीतर आणखी लांबचे वसतिगृह. सातवी ते नववी या दोन-तीन वर्षांनंतर आठ-दहा दिवस सगळे एकत्र सापडणे अनेक घरांत पुन्हा जमतच नाही. तेवढे दिवस ‘फोन ठेव’ म्हणण्यात घालवायचे का, हा खरा प्रश्न आहे.

सकाळी उठत का नाही?

या वयात झोपेचे घड्याळच पुढे सरकते. रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी जाग येत नाही. हा आळस नसून शरीराचा बदल आहे. त्यात सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. ग्रुप टूरची सकाळी साडेसहाची हाक म्हणजे मुलाच्या शरीराला पहाटेचे चार. अशा मुलाकडून साडेआठला संग्रहालयात उत्साहाची अपेक्षा ठेवणे जरा जास्तच झाले. लंडनला उलटे होते. उन्हाळ्यात ते साडेचार तास मागे असते, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस मूल आपोआप लवकर उठते आणि संध्याकाळी सातलाच पेंगते. पहिल्याच रात्रीचे महागडे नाटकाचे तिकीट तेवढे टाळावे.

मग त्याला द्यायचे काय?

एक खरे काम, ज्यात चूक होऊ शकते असे. लंडनचेच उदाहरण घेऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ च्या सुमारास तिथे शिकत असताना ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथे आता संग्रहालय आहे. नागसेनवनातले बाबासाहेबांनी उभे केलेले मिलिंद महाविद्यालय येता-जाता पाहणाऱ्या मुलाला त्या घराची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. जवळचे भुयारी स्टेशन चॉक फार्म. तिथे सगळ्यांना घेऊन जायची जबाबदारी मुलावर सोपवा. गंमत अशी, की नॉर्दर्न लाइन कॅम्डन टाउनला फुटते. एजवेअरची गाडी चॉक फार्मला जाते, हाय बार्नेटची गाडी केंटिश टाउनला. पाटी न वाचता चढलो तर एक स्टेशन मागे यावे लागते. येऊ द्या. दहा मिनिटे जातील, पण पुढच्या वेळी पाटी तोच आधी वाचेल. अट एकच, वडिलांनी मध्येच आपला फोन काढून ‘मी सांगतो’ म्हणायचे नाही.

दुसरा धागा आपल्या अजिंठ्याचा. मेजर रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे तिथल्या चित्रांच्या प्रती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यातल्याही कित्येक लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. सगळ्या दालनात लावलेल्या नसतात, पण संग्रहालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. शाळेच्या सहलीत ज्या लेण्यातून पळत बाहेर आलो, त्याची नक्कल दोनदा जळली हे कळल्यावर बहुतेक मुले पुढचा प्रश्न विचारतात. गिलची कबर तर भुसावळला आहे, म्हणजे परत आल्यावरही हा धागा पुढे नेता येतो.

पॅरिसला लूव्र संग्रहालयात १८ वर्षांखालील सर्वांना प्रवेश मोफत आहे, आणि लंडनच्या मोठ्या सरकारी संग्रहालयांत कायमस्वरूपी दालने सर्वांनाच मोफत. म्हणून तासाभरात कंटाळा आला, तर पैसे वसूल करण्यासाठी थांबायची गरज नाही. दिवसाला एकच मोठे ठिकाण पुरे. लंडनमध्ये ११ ते १५ वर्षांच्या पाहुण्या मुलांसाठी ऑयस्टर कार्डवर ‘यंग व्हिजिटर’ सवलत मिळते, १४ दिवसांपर्यंत निम्मे भाडे. स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडे ती मागण्याचे कामही मुलालाच द्या. इंग्रजी माध्यमाची फी आपण भरतोच आहोत.

आणि हरवले तर?

ही भीती रास्त आहे. मेट्रोचे दार मध्येच बंद झाले तर काय, हे निघण्याआधी ठरवून ठेवा. आत राहिलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून फलाटावरच थांबायचे, मागच्यांनी तिथे यायचे. खिशात हॉटेलचे कार्ड आणि पासपोर्टची झेरॉक्स असू द्या. आपल्याकडचा ११२ हा आपत्कालीन क्रमांक युरोपातील देशांत आणि ब्रिटनमध्येही चालतो. फोनमध्ये शहराचा नकाशा आधीच उतरवून ठेवावा, कारण भुयारात नेटवर्क जाते.

अडचण वेगळीच आहे. आपली बरीच मुले शाळेत व्हॅनने जातात आणि क्लासला वडिलांच्या स्कूटरवर. स्वतःच्या गावात ज्याने कधी एकट्याने रस्ता ओलांडला नाही, त्याच्या हातात लंडनचा नकाशा देऊन उपयोग काय? तिकिटे काढायच्या आधीच्या एखाद्या रविवारी त्याला सिडकोहून औरंगपुऱ्याला शहर बसने पाठवा. बस कुठली, थांबा कुठला, सुटे पैसे किती, हे त्याचे त्याने शोधू द्यावे. मोठ्यांनी दोन आसने मागे बसावे आणि गप्प राहावे.