खोली सोडावयाची, पण अनामतीचे काय?

परीक्षांचे निकाल लागले, की तालुक्याच्या व जिल्ह्याच्या गावी शिकावयास राहिलेली आमची मुले वळकट्या बांधू लागतात. कंत्राट संपलेला मजूर याच सुमारास खोली बदलतो. भाडे परवडेनासे झालेला शिंपी किंवा सुतार गाळा खाली करतो. आणि याच दिवसांत घरोघर एक रडगाणे ऐकू येते, 'मालकाने अनामत परत दिली नाही.' दहा हजार, वीस हजार ही रक्कम बंगलेवाल्यास किरकोळ वाटेल. परंतु ती कोठून आली, हे ज्याने दिली त्याच्या घरी जाऊन विचारावे. कोणी चार शेळ्या विकल्या, कोणी बायकोचे डोरले गहाण ठेवले, कोणी सोयाबीनचा पैसा घरात येण्यापूर्वीच परस्पर तिकडे वळवला. हे पैसे बुडाले म्हणजे पुढच्या खोलीची अनामत कोठून भरावयाची हा प्रश्न उभा राहतो, आणि कित्येक मुलामुलींचे शिक्षण तेथेच थांबते. मुलीचे तर आधी थांबते.

हे भांडण शेवटल्या दिवशी कानावर येते, पण त्याचे बी पहिल्या दिवशी पेरलेले असते. आमचा धंदा मास्तरकीचा. गावातले करारनामे वाचून दाखवण्याचे काम आपसूकच आमच्याकडे येते. मात्र ते बहुधा सही होऊन गेल्यावर येते! मालकाने वा दलालाने 'येथे सही करा' म्हणावे, आणि आमच्या माणसाने मान खाली घालून ती करावी, ही चाल काही केल्या सुटत नाही. दहावी-बारावी झालेला मुलगाही तेच करतो. मग वाचावयास शिकून मिळवले काय ?

या भीतीला कारण नाही असे नव्हे. आमच्या वाडवडिलांनी कागद पाहिला तो नेहमी दुसऱ्याच्या हातचा. खत सावकाराने लिहावे, दाखला कुळकर्ण्याने वाचावा, अंगठा मात्र शेतकऱ्याचा. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा मुख्य राग कशावर होता ? सावकाराच्या खतांवर व वह्यांवर. तीच त्यांनी हिसकून जाळली. त्यानंतर सरकारचे डोळे उघडून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्याने दिलेल्या पैशाची लेखी पावती सावकाराने दिलीच पाहिजे असे कलम घालावे लागले. पावती मागणे हा आमचा हक्क आहे, ही गोष्ट कायद्याने मान्य करून शंभरावर वर्षे लोटली. तरीही आजचा भाडेकरू अनामतीचे पैसे मालकाच्या हातावर ठेवतो आणि 'एवढा मोठा माणूस, पावती कशी मागावी ?' म्हणून गप्प बसतो. ज्याला पावती मागण्याची लाज वाटली, त्याला पुढे सहा महिने त्याच दारात अनामतीसाठी उभे राहण्याची लाज सोसावी लागते.

महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या ५५ व्या कलमाने भाड्याचा करार, मग तो साधा भाडेपट्टा असो की ज्याला 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात तो असो, लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. ती न केल्यास मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पुष्कळांचा असा समज आहे की अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी लागत नाही. हा समज जुना आहे व आपल्या राज्यात खोटा आहे. मुद्रांकाच्या कागदावर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, हा दुसरा समजही तितकाच खोटा. नोटरी म्हणजे दुय्यम निबंधकाची नोंदणी नव्हे. आणि मालकाने करार लेखी व नोंदलेला केलाच नाही, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. ते खोटे ठरवावयाचे तर पुरावा मालकाने आणावयाचा. हे कलम गरिबाच्या हातातील काठी आहे. ती अडगळीत पडून आहे, कारण तेथे आहे हेच आमच्या लोकांस ठाऊक नाही. मात्र अनामत दिलीच नव्हती असे मालक उलटून म्हणाला, तर दिल्याचा काही पुरावा आपल्यापाशी हवा. म्हणून पैसे बँकेतून द्यावे, फोनवरून दिले तरी चालतील. रोख देणे भागच पडले तर पावतीवाचून देऊ नयेत.

आता भाडेकरूने काय करावयाचे ते सांगतो. हक्काची गोष्ट निघाली की आमचे लोक कान टवकारतात आणि कर्तव्याची निघाली की पान उलटतात, सबब हे जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

सोडण्यापूर्वी किती दिवस आगाऊ सांगावयाचे ते करारात लिहिलेले असते. बहुधा एक महिना. ते तोंडी सांगू नये. लिहून द्यावे, फोनवर संदेश पाठवला असेल तर तो पुसू नये. दुसरी एक खोड फार पसरली आहे. शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे द्यावयाचे नाही, आणि मालकाने मागितले की 'अनामतीतून कापून घ्या' म्हणावयाचे. असे का करतात हे आम्हांस कळते. अनामत परत मिळणार नाही अशी धास्ती असते, म्हणून ती आधीच वसूल करून घ्यावयाची. तरी हे चुकीचे आहे असे आम्ही स्पष्ट म्हणतो. अनामत म्हणजे भाडे नव्हे. भाडे थकवले की करार भाडेकरूने मोडला असे होते, आणि उद्या दाद मागावयास गेल्यावर समोरचा पहिले बोट त्यावरच ठेवतो. शिवाय एकाने असे केले, की तो मालक पुढच्या भाडेकरूकडून दुप्पट अनामत मागतो. आणि तो पुढचा भाडेकरूही आपलाच कोणी असतो.

खोलीची स्थिती हा खरा वादाचा मुद्दा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम भाडेकरूस सांगते की, जागा ज्या स्थितीत मिळाली त्या स्थितीत परत करावी. मात्र वाजवी वापराने झालेली झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरील आपत्तीने झालेले नुकसान त्यातून वगळावे. सारे भांडण या 'वाजवी झिजे'त आहे. उन्हाने भिंतीचा रंग उडाला, नळाचा चामडी वायसर गेला, उंबरा पायाने गुळगुळीत झाला, ही झीज होय. वापरावयास दिलेली वस्तू वापरली जाणारच, त्याचेच तर भाडे घेतले. पण मोरीचे भांडे फुटले, खिडकीची काच मुलाच्या चेंडूने गेली, ओट्याची फरशी घाव घालून तडकवली, तर ते नुकसान आहे व ते भाडेकरूने मुकाट्याने भरून द्यावे. रंगाच्या नावाखाली सरसकट एक महिन्याचे भाडे कापण्याची जी वहिवाट शहरात पडली आहे, तिला करारात तसे कलम असेल तरच आधार मिळतो. म्हणून सही करण्यापूर्वी हे एक वाक्य तरी हुडकून वाचावे. राहावयास आलो त्याच दिवशी भिंती, दारे, नळ, बटणे यांची छायाचित्रे फोनवर काढून ठेवावी. हल्ली प्रत्येकाच्या खिशात हे यंत्र आहे आणि ते लग्नाच्या वरातीसाठीच आहे असे नाही. सोडतानाही तशीच काढावी. विजेच्या मीटरचा आकडा मालकासमक्ष लिहून घ्यावा व त्या दिवसापर्यंतचे बिल चुकते करावे.

गाळ्यात बसणाऱ्या कारागिरांस एक गोष्ट विशेष करून सांगावयाची आहे. लोहाराने रोवलेली ऐरण, सुताराने भिंतीत ठोकलेल्या फळ्या, शिंप्याने बसवलेले कपाट यावर गाळा सोडताना मालक हक्क सांगतो. 'भिंतीला लागले ते माझे' हे त्याचे शास्त्र! भाडेपट्ट्याचा कायदा मात्र असे म्हणत नाही. करारात उलट काही लिहिले नसेल तर भाडेकरूने जे स्वतः बसवले ते त्यास काढून नेता येते. परंतु दोन अटी आहेत. जागा पूर्वीसारखी करून द्यावयाची, आणि नेणे ते ताबा आपल्याकडे आहे तोवरच न्यावयाचे. किल्ली एकदा दिली, मग 'उद्या येऊन फळ्या काढतो' म्हटले तर तो हक्क निसटतो. आधी सामान, मग किल्ली.

हे झाले मालक परका असता. पण आता मालक परका राहिला आहे काय ? चाकण, रांजणगाव, वाळूज या भागांत ज्या शेतकऱ्यांची जमीन कारखान्यांसाठी गेली, त्यांतील कित्येकांनी उरलेल्या तुकड्यावर खोल्यांच्या रांगा बांधल्या. जमीन गेल्यावर पोट भरण्याचा हा मार्ग काढला, त्यात गैर काही नाही. उलट आम्हांस त्याचा आनंदच वाटतो. त्या खोल्यांत मराठवाड्यातील, विदर्भातील, परप्रांतांतील शेतकऱ्यांचीच पोरे राहतात. आणि काल ज्याच्या बापाने सावकाराच्या ओसरीवर हात जोडले, तोच आज त्या पोराला म्हणतो, 'अनामत विसर, नाहीतर सामान बाहेर फेकीन.' खोली देण्यापूर्वी आडनाव विचारतो, आडनावावरून जात काढतो, आणि जात पाहून 'खोली रिकामी नाही' म्हणतो. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्याच समाजाचे नाव घेणाऱ्या घरात ही भाषा निघावी, याची शरम वाटावयास हवी. सावकारशाही पागोटे पाहून येत नाही. ती गल्ल्यामागून येते, मग गल्ल्यावर कोणीही बसलेला असो.

अशा मालकांनी हेही ध्यानात ठेवावे, की भाडेकरूचे पाणी किंवा दिवा वाजवी कारणावाचून तोडणे १९९९ च्या कायद्याच्या २९ व्या कलमाने मना केले आहे. भाडेकरूनेही उलट बाजू ओळखावी. राहण्याच्या जागेच्या लायसन्सची मुदत संपल्यावर जो जागा अडवून बसतो, त्याच्याकडून ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई घेण्याची तरतूद याच कायद्याच्या २४ व्या कलमात आहे. म्हणजे 'अनामत देत नाही तोवर किल्ली देत नाही' हा हट्ट मुदत संपल्यावर आपल्याच अंगाशी येतो. एका हाताने किल्ली व दुसऱ्या हाताने अनामत, असा व्यवहार मुदतीच्या आतच ठरवून घ्यावा. तो जमला नाही तर किल्ली द्यावी, पण ताबा दिल्याचा कागद घेतल्यावाचून देऊ नये.

या कागदाचे मोल आमच्या कुळांनी फार महाग किंमत देऊन ओळखले आहे. १९४८ च्या मुंबई राज्याच्या कुळकायद्याने असे ठरवले की, कुळाने जमीन सोडली म्हणावयाचे तर ते लेखी हवे व मामलेदाराने त्याची खातरजमा केली पाहिजे. तरीही पुढील काळात ठिकठिकाणी कुळांनी 'राजीखुशीने' जमिनी सोडल्याचे कागद झाले, आणि त्यांतील खुशी किती होती ती त्या कुळांसच ठाऊक. सोडण्याचा कागद दुसऱ्याने लिहिला, म्हणजे त्यात आपली खुशीही दुसराच लिहितो.

ताबा देऊनही अनामत मिळाली नाही, तर आठ-पंधरा दिवसांनी लेखी मागणी करावी, ती टपालाने पाठवून पोच जपून ठेवावी. तेवढ्यावर पुष्कळ मालक ताळ्यावर येतात. न आल्यास तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तेथे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती, अपंग आणि कारखान्यातील कामगार यांस उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. इतर गरिबांस उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकुमनाम्याचे बळ असते व तिच्यावर अपील नाही. दावाच करावयाचा तर तीन वर्षांच्या आत करावा. 'देईल कधीतरी' म्हणत बसणाऱ्याची मुदत निघून जाते.

ताबा पावतीस वकील लागत नाही. चौथीतील मुलगी ती लिहील. लिहून घ्यावी, दोन प्रती काढाव्या, आणि दोन्हींवर दोघांच्या सह्या व दोन साक्षीदार घ्यावे. मजकूर असा:

'आज तारीख ........ रोजी ........ येथील खोली भाडेकरू ........ यांनी रिकामी करून किल्ल्यांसह माझ्या ताब्यात दिली. खोली पाहून घेतली. झालेले नुकसान ........ (नसल्यास 'काही नाही' असे लिहावे). विजेच्या मीटरचा आकडा ........ . भाडे ........ महिन्यापर्यंत पोचले. अनामत रुपये ........ पैकी रुपये ........ या कारणास्तव ........ कापले व बाकी रुपये ........ आज दिले / तारीख ........ पर्यंत देईन. सही मालक. सही भाडेकरू.'