‘वच्छोमी’चे व्याकरण

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म होते, हे सर्वश्रुत आहे. मात्र या नावाचा विग्रह विचारला की उत्तर बहुधा आख्यायिकेतून येते: वत्स ऋषींच्या तपामुळे देवांचा समुदाय तेथे येऊन राहिला, म्हणून ते वत्सगुल्म. ‘गुल्म’चे झुडूप, सैन्याची तुकडी, पोटातील गाठ असे अनेक अर्थ, आख्यायिकेने त्यांतून समूह निवडला. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीका तर वत्स आणि गुल्म हे दोन सहोदर राजपुत्र मानते, म्हणजे समास द्वंद्व ठरतो. दोन्ही कथा नावावरून मागाहून रचलेल्या दिसतात. भाषेच्या अभ्यासकाने त्यांवर थांबावे, हे मात्र समर्थनीय नाही.

कारण खरा इतिहास वर्णांत आहे. वत्सगुल्मचे प्राकृतात ‘वच्छोम’ झाले. प्राकृतातील ‘च्छ’ला मराठीत ‘स’ होतो व आधीचा स्वर दीर्घ होतो: मच्छ–मासा, वच्छ–वासरू. पुढे ‘इ’ असल्यास ‘श’ येतो, मच्छिआ–माशी. वाशीममधला ‘श’ याच नियमाचा. ज्या वत्सापासून वासरू, त्याच वत्सापासून वाशीम! इंग्रजी दप्तराने त्याचे ‘बासिम’ केले, तो केवळ लेखनाचा प्रकार.

राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ म्हटले आहे. वैदर्भी हे नाव प्रदेशावरून, वच्छोमी नगरावरून. येथील ‘ई’ स्त्रीप्रत्यय आहे, रीतीच्या लिंगानुसार आलेला. आजच्या ‘वऱ्हाडी’तील ‘ई’ तशी नाही. वऱ्हाडी माणूस आणि वऱ्हाडी बोली यांत तिचे रूप बदलत नाही. दोन्ही शब्द एकाच साच्याचे समजणारा विद्यार्थी रूपसाम्याने फसतो. त्याला प्राकृत शिकवलेलेच नसते, हा दोष त्याचा नव्हे.

वाशीम येथेच सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात, तर दानाचा तपशील प्राकृतात आहे. वाकाटकांच्या या शाखेचा सर्वसेन ‘हरिविजय’ हे काव्य प्राकृतातच लिहितो. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठी व प्राकृत यांना अभिजात दर्जा एकाच निर्णयाने मिळाला. मराठी विभागांनी मात्र या निर्णयाचा अर्धाच भाग साजरा केला. पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्राकृताची एक स्वतंत्र, सक्तीची अभ्यासपत्रिका असावी, आणि विदर्भातील विद्यापीठांत तिचा पहिला पाठ या ताम्रपटाचा असावा.