हाती घेतलेल्या कामाची शीव

शेताला बांध असतो, गावाला शीव असते. परंतु हाती घेतलेल्या कामाला शीव घालण्याची रीत आपणांत अद्याप रुजलेली नाही.

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे उदाहरण वाचकांस परिचित आहे. 1983 साली खर्चाचा मंजूर अंदाज सुमारे 372 कोटी रुपयांचा होता. 2016 साली सुधारित आकडा 18 हजार कोटींवर गेला. यात महागाई, भूसंपादन व पुनर्वसन यांचा वाटा मोठा आहे, आणि विस्थापितांच्या हक्काच्या मोबदल्यास कोणी वाढावा म्हणू नये. तथापि कामाच्या व्याप्तीत झालेले फेरफार हेही त्यामागील एक कारण होय. धरणाची भिंत उभी राहिल्यावरही कित्येक वर्षे शेतापर्यंतचे पाट अपुरेच राहिले.

हेच लहान प्रमाणावर आपल्या उपसा सिंचन संस्थांत घडते. जॅकवेल, पंप व नळ ठराविक एकरांच्या हिशेबाने बसविलेले असतात. काम चालू असता एक सभासद नळ आपल्या माळापर्यंत नेण्याचा आग्रह धरतो, दुसरा आणखी एक तोटी मागतो. चालकास भिडेपोटी नकार देववत नाही. परंतु पंपाची शक्ती वाढलेली नसते. नळ लांबला व उंच चढला की पाणी कमी येते. शेवटाकडील शेतकऱ्याचे पीक वाळते, कर्जाचा हप्ता मात्र त्याला पूर्ण भरावा लागतो. भीड एकाची, भुर्दंड दुसऱ्याला, हा न्याय नव्हे.

यास्तव आमची सूचना अशी की, आरंभीच काय करावयाचे व काय करावयाचे नाही, हे दोन्ही लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. मागाहून आलेल्या प्रत्येक मागणीपुढे तिचा खर्च, तिला लागणारा काळ, पैसा देणारा आणि ज्याचे पाणी घटेल तो, अशा चार गोष्टी मांडाव्यात. निर्णय बांधावर न होता सभेत व्हावा. नामंजूर मागण्या पुढील टप्प्याच्या यादीत नोंदवाव्यात.

खोदाईत कातळ लागला तर आराखडा बदलावाच लागेल. जमिनीने भाग पाडलेला बदल निराळा व हौसेने सुचविलेली भर निराळी. हा भेद ओळखून वेळीच नकार देणारा चालक लोकांस कठोर वाटेल. परंतु शेवटच्या शेतकऱ्याचे पाणी तोच राखतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.